‘वर्क फ्रॉम होम’ कोणाचे? बिडी वळणाऱ्या हातांचा विसरलेला इतिहास

मराठीत एखाद्या प्रत्ययाच्या फरकानेही माणसाची किंमत बदलते. ‘तो घरून काम करतो’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लॅपटॉप, हेडफोन आणि पुण्याची कंपनी येते. ‘ती घरकाम करते’ म्हटले की धुणीभांडी येतात. आणि ‘ती घरीच काहीबाही करते’ म्हटले की डोळ्यांसमोर काहीच येत नाही. ती बाई दिवसाला आठ-दहा तास दुसऱ्याच्या मालावर राबत असली तरी नाही. तिघांचेही कामाचे ठिकाण कोणाचे ना कोणाचे घरच आहे. मग एकाच्या कामाला इंग्रजी नाव, नेमणूकपत्र आणि पगाराची स्लिप, आणि दुसरीच्या कामाला साधे नावसुद्धा का नाही?

वाशीमसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. लॉकडाऊनमध्ये पुण्या-मुंबईहून परतलेली आपली काही मुले गावातल्या घरात बसून कंपनीचे काम करू लागली आणि ‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्द पहिल्यांदा बुद्ध विहाराच्या ओट्यापर्यंत आला. तेव्हापासून तो नव्या युगाचा शब्द म्हणून वापरला जातो. आमचे म्हणणे वेगळे आहे. शब्द नवा आहे, पण ती पद्धत जुनी आहे. तिचा मोठा इतिहास आपल्याच जुन्या प्रांतात, मध्य प्रांत आणि वऱ्हाडात घडला आहे आणि तो घडवणाऱ्यांत आपली माणसे होती.

आधी शब्दाविषयी. १९७३ साली अमेरिकेत जॅक निल्स यांनी ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द तयार केला. ‘कम्युट’ म्हणजे घर ते कचेरी ही रोजची ये-जा. ती गाडीने न करता टेलिफोनच्या तारेने करायची, अशी ती कल्पना. त्याच वर्षी तेलाचे संकट आले, पेट्रोल महागले आणि कल्पनेला वजन आले. पुढे ‘टेलिवर्क’, ‘रिमोट वर्क’ असे शब्द आले आणि आपल्याकडे ‘वर्क फ्रॉम होम’ रुळला. या शब्दातल्या ‘फ्रॉम’कडे नीट पाहा. घरून काम करतो म्हणजे कचेरी दुसरीकडे आहे, तिथे त्याच्या नावाची खुर्ची आहे, हजेरीपटावर नाव आहे, आज तो फक्त तिथे गेलेला नाही. ज्याला मुळात कचेरीच दिलेली नाही त्याच्यासाठी हा शब्द तयार झालेलाच नाही. तिच्यासाठी इंग्रजीत जुना शब्द आहे, ‘होम वर्कर’. आपल्या देशात हा शब्द पहिल्यांदा ठळकपणे कायद्यात आला तो बिडी कामगारांसाठी, १९६६ साली. सॉफ्टवेअर कंपन्यांचा तेव्हा पत्ताही नव्हता.

आपला वऱ्हाड कापसाचा. बिडीचा पट्टा त्याच्या पूर्वेला, नागपूर, कामठी, भंडारा, गोंदिया असा. जंगलात तेंदूपत्ता आणि गावागावांत स्वस्त हात, एवढ्यावर हा धंदा उभा राहिला. या कामाला यंत्र लागत नाही. पाने भिजवायची, कात्रीने मापात कापायची, तंबाखू भरायची, वळायची, तोंड मुडपायचे आणि दोरा बांधायचा. हजार बिड्यांवर मजुरी. हे सगळे ओसरीवर बसून होते, म्हणून कारखाना घरात शिरला. एका बाईच्या नावावर मजुरी आणि पोरीबाळी, म्हाताऱ्या सगळ्यांचे हात कामाला, अशी ही रचना. मालक दूर, मध्ये ठेकेदार. तो पाने आणि तंबाखू मोजून देतो आणि बिड्या मोजून घेतो. पाने कमी भरली तर बाईने पदरच्या पैशाने आणायची. बिड्या पसंत पडल्या नाहीत तर त्या ‘छाट’ म्हणून बाजूला टाकायच्या. छाटीची मजुरी नाही.

कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी याच ठेकेदारीला हात घातला. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे म्हणून त्यांचे नाव आपण घेतो, पण जयंतीच्या भाषणात गाडी तिथेच थांबते. १९०४ साली जन्मलेले हरदास स्वतंत्र मजूर पक्षाचे कार्यकर्ते होते. १९३७ च्या निवडणुकीत ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि १२ जानेवारी १९३९ रोजी, पस्तिशीत, क्षयाने गेले. एवढ्या थोड्या आयुष्यात त्यांनी बिडी मजुरांना संघटित केले आणि ठेकेदाराला वगळून सहकारी तत्त्वावर बिडीचे काम सुरू करून दाखवले. आम्हाला यात महत्त्वाचे वाटते ते हे: ज्या मजुराला एक छप्पर नाही, गेट नाही, भोंगा नाही, जो आपापल्या घरात एकटा बसून काम करतो, त्याची संघटना होऊ शकत नाही असे तेव्हाही म्हटले जात असे. आजही गिग कामगारांबद्दल हेच म्हणतात. हरदासांनी त्या घरांच्या ओळीतच संघटना उभी केली. हे आपल्या चळवळीचे भांडवल आहे.

आता एक असा प्रसंग, जो आमच्या मते प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याला तोंडपाठ पाहिजे. १९४८ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारने शेतीच्या हंगामात बिडी उत्पादनावर नियंत्रण आणणारा कायदा केला. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात आणि अकोला याच प्रांतात. कायद्याचा हेतू उघड लिहिलेला होता: बिडीच्या पट्ट्यात शेतीला पुरेसे मजूर मिळावेत. सरकार गावे जाहीर करणार आणि त्या गावांत हंगामभर कोणी बिडी वळायची नाही. मजूर घरी बसून चार पैसे मिळवू लागला तर मालदाराच्या वावरात निंदायला कोण जाणार, हा खरा सवाल होता. म्हणजे घरी काम करण्याचा अधिकार काढून घेणारा हा कायदा होता आणि तो ज्यांच्या सोयीसाठी होता ते गावातले जमीनवाले होते. बिडीच्या ओसरीने मजुराला ‘आज वावरात येत नाही’ म्हणण्याची जी थोडीशी ताकद दिली होती, ती त्यांना खुपत होती.

१३ जून १९५० रोजी सागर जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरने काही गावांसाठी तसा हुकूम काढला. एक बिडी कारखानदार आणि एक बिडी मजूर थेट सुप्रीम कोर्टात गेले. संविधान लागू होऊन सहा महिनेही झाले नव्हते. ८ नोव्हेंबर १९५० रोजी चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात कोर्टाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. आधार होता कलम १९ मधील कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य. कोर्टाने नोंदवले की ही बंदी शेतीत राबू न शकणाऱ्या अपंग, म्हाताऱ्या आणि दुबळ्या माणसांनाही उपाशी ठेवते. बाबासाहेबांनी लिहिलेल्या मूलभूत हक्कांचा हा अगदी सुरुवातीचा वापर आणि तो ओसरीवर बिडी वळण्याच्या हक्कासाठी झाला. हा निकाल मालकाच्याही फायद्याचा होता, हे विसरून चालणार नाही. पण गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसाने हंगामात कोणाच्या वावरात राबायचे हे सरकार ठरवणार नाही, ही गोष्ट त्या दिवशी ठरली.

बंदी उठली, पण हक्क मिळाले नाहीत. त्याच १९४८ साली देशाचा कारखाना कायदा आला. वीज न वापरणाऱ्या ठिकाणी वीस मजूर असतील तर तो लागू. बिडीला वीज लागतच नाही. मालकांनी हिशेब केला: मोठे कारखाने मोडा, मजूर वाटून टाका, काम घरोघरी पाठवा. एका छताखाली वीस माणसे दिसलीच नाहीत तर कायदा कोणाला लावणार? बिडीकाम घराघरांत एवढे पसरले त्यामागे हे एक ठोस कारण आहे. बाईला मुलांकडे लक्ष देता यावे ही सोय मालकाने बघितलेली नव्हती. सोयीची भाषा नंतर आली.

जिथे खटले झाले तिथे वाद एकाच गोष्टीवर फिरत राहिला: हा ‘कामगार’ आहे की नाही? १९६० मध्ये नागपूरच्या एका बिडी कारखान्यातील मजुरांना सुप्रीम कोर्टाने कामगार मानले, कारण ते कारखान्यात येऊन काम करत होते आणि त्यांची हजेरी लागत होती. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या बिडी कारखान्यातील मजुराला त्याच कोर्टाने बहुमताने कामगार मानण्यास नकार दिला. कारण काय? तो मनाला येईल तेव्हा येऊ शकत होता, मनाला येईल तेव्हा जाऊ शकत होता. वाचकांनो, इथे थांबा. ‘तुम्ही तुमच्या वेळेचे मालक’, ‘लॉग-इन तुमच्या मर्जीने’ या आजच्या ॲप कंपन्यांच्या जाहिराती आठवा. पोटासाठी हजार बिड्या पुऱ्या कराव्या लागणाऱ्या माणसाचे ‘स्वातंत्र्य’ दाखवून त्याचा हक्क काढून घ्यायचा, ही युक्ती तेव्हापासूनची आहे.

या पेचातून १९६६ चा बिडी आणि सिगार कामगार कायदा आला. त्याने सरळ म्हटले की मालकाने किंवा ठेकेदाराने कच्चा माल दिला आणि त्यातून घरी बिडी वळली, तर ती वळणारी व्यक्ती कामगारच. मालकांनी कायद्याला आव्हान दिले. १९७४ साली सुप्रीम कोर्टाने तो मुख्यतः वैध ठरवला. महाराष्ट्राच्या नियमांत छाट साधारणपणे शेकडा पाचपेक्षा जास्त काढायची नाही अशी मर्यादाही आली. १९८५ साली भविष्य निर्वाह निधीच्या प्रकरणात कोर्टाने आणखी एक पाऊल टाकले: बिडी नापसंत करून परत करण्याचा अधिकार मालकाकडे आहे, म्हणजेच कामावर त्याचे नियंत्रण आहे, म्हणून घरी वळणाऱ्यांनाही निधी लागू. माणूस समोर बसलेला नसला तरी मालक मालकच राहतो, हे तत्त्व बिडीवालीने मिळवून दिले. आज घरून काम करणारा इंजिनिअर ज्या गृहीतकावर निर्धास्त आहे, त्यासाठी ओसरीवरची बाई आधीच कोर्टात लढून गेली आहे.

पण याच कायद्यातली एक गोष्ट वाचताना राग आल्याशिवाय राहत नाही. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा बिडी कामगारांना लागू केला, मात्र ‘होम वर्कर’पुरती त्यातली दोन कलमे गाळली: वैद्यकीय बोनसचे आणि बाळंतपणातून आलेल्या आजारपणाच्या रजेचे. बाई तीच, काम तेच, फक्त ती घरी बसते म्हणून तिच्या आजारपणाची रजा कापली. घरी असलेल्या बाईला रजा कशाला, आजारी पडली तर घरीच आहे की, हाच त्यामागचा विचार नसेल तर दुसरा कोणता? १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. त्यांच्या मजूर मंत्रिपदाच्या काळात, १९४४ साली, रेगे समिती नेमली गेली आणि तिच्या पाहण्यांत बिडी उद्योगही होता. १९४६ च्या एप्रिलमध्ये त्यांनी मांडलेले किमान वेतनाचे विधेयक १९४८ मध्ये कायदा झाले, तेव्हा त्याच्या यादीत बिडीकाम होते. त्या धाग्याला धरून पाहिले तर १९६६ ची काटछाट जास्तच बोचते. आणि गंमत बघा, २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा त्यात ‘घरून काम’ आले ते सवलत म्हणून: रजा संपल्यावर कामाचे स्वरूप तसे असेल तर मालक आणि ती आपसांत ठरवून घरून काम करू शकतात. एका वर्गाच्या बाईसाठी घर ही सवलत, दुसऱ्या वर्गाच्या बाईसाठी घर हे कपातीचे कारण.

काही मित्र म्हणतील, मग घरून काम वाईट का? प्रश्न तसा नाही. आपल्या समाजासाठी घराबाहेर पडणे हीच मुळात मुक्तीची वाट होती, हे लक्षात ठेवून या विषयाकडे पाहावे लागते. जातिव्यवस्थेत जन्माचे घर आणि काम एकच असते. महार वतनात तर घरच सरकारला बांधलेले होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविषयीचे विधेयक मांडताना नेमके यावर बोट ठेवले: काम एकाचे नाही, तो हजर नसेल तर बाप, भाऊ, घरातला कोणीही पकडून न्यायचा; वेळ ठरलेली नाही, दिवस-रात्र केव्हाही. ठरलेली वेळ नाही, ठरलेली मजुरी नाही आणि सगळे घर राबायला बांधलेले. बिडीच्या ओसरीवर याचीच सावली होती. म्हणून कामाचे तास ठरणे, कामाची जागा ठरणे, संध्याकाळी काम सुटणे या गोष्टी आपल्यासाठी किरकोळ नाहीत. आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारी कारखाना कायद्यातली १९४६ ची दुरुस्ती बाबासाहेबांच्या मजूर खात्यातून आली. रात्री अकरा वाजता टीम-लीडरचा मेसेज आल्यावर लॅपटॉप उघडणाऱ्या आपल्या मुलाने हा आकडा आठवावा.

स्वतः बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत राहत होते तेव्हा बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय दामोदर हॉलमध्ये होते. चाळीच्या खोलीत संसार, अभ्यास आणि सार्वजनिक काम एकत्र मावत नाही. पुढे राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. घरून काम करायला आधी तसे घर लागते, ही साधी गोष्ट कंपन्यांच्या पत्रकांत कधीच लिहिलेली नसते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या ७५व्या फेरीत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी संगणक असलेली कुटुंबे शेकडा ४.४ होती आणि इंटरनेटची सोय असलेली शेकडा १४.९. शहरात हेच आकडे २३.४ आणि ४२ होते. लॉकडाऊन आला तो या आकड्यांवर. वाशीम तर २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, म्हणजे मागासलेपणाची सरकारी कबुली आहेच.

यात एक गोष्ट अशी, जिच्याविषयी आपली मुले मोकळेपणी बोलत नाहीत. शहरातल्या कचेरीत आडनावावरून अंदाज बांधले जातात, पण टेबल-खुर्ची सगळ्यांची सारखी असते. व्हिडिओ कॉल सुरू झाला की घर दिसते. मागच्या भिंतीवर बाबासाहेब आणि तथागत दिसतात, पत्रे दिसतात, विहारातली वंदना ऐकू येते. ‘बॅकग्राऊंड ब्लर कर’ असा मैत्रीचा सल्ला मिळालेली मुले आमच्या ओळखीत आहेत. कोणी फोटो उतरवला नाही, पण खुर्ची मात्र फिरवून घेतली. ज्या सहकाऱ्याच्या मागे देवघर दिसते त्याला कोणी ब्लर करायला सांगत नाही. जात घरात राहते, आणि कचेरी घरात आली की जातही कचेरीत जाते.

दुसऱ्या टोकाला ‘घरबसल्या काम, महिना पंचवीस हजार’ असे मेसेज आहेत. डेटा एंट्रीच्या नावाखाली आधी नोंदणीचे पैसे घेतात. काही ठिकाणी काम खरेच करून घेतात आणि ‘चुका जास्त निघाल्या’ म्हणून पैसे देत नाहीत, वर कराराच्या नोटिशीची धमकी देतात. ही छाटच आहे. फरक एवढाच की बिडीच्या छाटीला निदान शेकडा पाचची मर्यादा होती.

कायद्याची आजची स्थिती पाहू. १९६६ चा बिडी कायदा नव्या कामगार संहितांत विलीन झाला. संसदेने २०२० पर्यंत मंजूर केलेल्या या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत ‘होम-बेस्ड वर्कर’ची व्याख्या आहे: मालकासाठी स्वतःच्या घरी किंवा स्वतः निवडलेल्या जागी वस्तू किंवा सेवा तयार करून मोबदला घेणारी व्यक्ती, साधने कोणी का दिलेली असेनात. शब्दशः वाचले तर पुण्याच्या कंपनीसाठी रिसोडमधून कोडिंग करणारा मुलगाही यात बसतो. पण व्यवहारात तो ‘कर्मचारी’ आणि बिडी वळणारी, शिलाई करणारी बाई ‘असंघटित कामगार’. पहिल्याला नियमाने भविष्य निर्वाह निधी, दुसरीला योजना आली तर योजना. घरकामाविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ सालचा आहे. घरी काम करणाऱ्याला इतर मजुरांच्या बरोबरीची वागणूक द्या, एवढेच तो मागतो. भारताने त्यावर अजून शिक्कामोर्तब केलेले नाही. आपल्या संघटनांच्या निवेदनांत ही मागणी आम्हाला क्वचितच दिसते. ती लिहायला एक ओळ लागते.

जुन्या बिडीधंद्यात आणखी एक पळवाट होती. ठेकेदार कागदावर बाईला पाने-तंबाखू ‘विकत’ आणि तिच्याकडून बिड्या ‘विकत घेत’ दाखवतो. मग ती कामगार उरत नाही, स्वतंत्र व्यावसायिक होते, आणि १९६६ च्या कायद्यात घरातल्या स्वयंरोजगाराला सूट होतीच. आज हाच कागद ‘पार्टनर’, ‘फ्रीलान्सर’, ‘कन्सल्टंट’ या नावांनी येतो. म्हणून घरून कामाची नोकरी घेणाऱ्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे की पगाराच्या आकड्याआधी कागदावर आपल्याला काय म्हटले आहे ते वाचा. भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक मिळणार का, कामाचे तास लिहिलेत का, वीज आणि इंटरनेटचा खर्च कोणाचा, काम नापसंत झाले तर ते कोण आणि कशावरून ठरवणार, हे विचारा. शेवटचा प्रश्न बिडीवालीचा आहे.

आणि कार्यकर्त्यांसाठी. ई-श्रम पोर्टल २६ ऑगस्ट २०२१ ला सुरू झाले, तेव्हापासून वस्त्यांमध्ये नोंदणीची शिबिरे होतात. बायांना ‘काय काम करता?’ विचारले की उत्तर येते, ‘काई नाही जी, घरीच रायतो.’ फॉर्म भरणारा मुलगा घाईत ‘गृहिणी’ समजून पुढे जातो. आम्ही आता प्रश्न बदलला आहे. ‘घरी बसून कोणासाठी काही शिवता का, वळता का, निवडता का, पॅक करता का? माल कोण आणून देते? पैसे नगावर की किलोवर?’ असे विचारले की फॉल-बिडिंग निघते, गोधड्या निघतात, दुकानदारासाठी केलेले पापड-शेवया निघतात, आणि व्यवसायाच्या रकान्यात लिहायला काहीतरी मिळते.